दुरुस्तीचं टेबल: ‘२एन३०५५’ काढून मॉस्फेट लावू का?

गेल्या दोन महिन्यांतली पत्रं चळतीने ठेवली तर एकच प्रश्न निरनिराळ्या अक्षरांत दिसतो. जुन्या सर्किटमधला तो लोखंडी टोपीचा ट्रान्झिस्टर २एन३०५५ मिळत नाही, मिळाला तर खोटा निघतो. मग त्याच्या जागी मॉस्फेट, म्हणजे गेटवरच्या व्होल्टेजने चालणारा दुसऱ्या जातीचा ट्रान्झिस्टर, बसवला तर? म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न मागे ठेवले. मिक्सरवाल्यांनी रागावू नये, त्यांची आर्मेचरं पुढच्या अंकात.

प्रश्न: वडिलांनी १९९८ साली घरी बांधलेला इन्व्हर्टर आहे. १२ व्होल्टची बॅटरी, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, दोन्ही बाजूंना दोन-दोन २एन३०५५. एका बाजूचे दोन्ही शॉर्ट झाले. दुकानदार म्हणाला, “हे आता कोण वापरतं? आयआरएफझेड४४एन न्या, ४९ अँपिअरचा आहे.” चारही बदलले. बेसची वायर गेटला, कलेक्टरची ड्रेनला, एमिटरची सोर्सला. चालू केल्यावर दिवा मिणमिणता लागला, दोन मिनिटांत मॉस्फेट हात लावता येईना इतके तापले आणि एक फुटला. सर्किटचा कागद सोबत पाठवत आहे. (बार्शी)

उत्तर: कागद पाहून बरं वाटलं. चौकटीच्या वहीचं पान, पेन्सिलीने काढलेलं सर्किट, कोपऱ्यात रेझिस्टरच्या किमती आणि पुढे बेरीज. वडिलांचा हात नेटका आहे. सर्किटमध्ये चूक नाही, आणि मॉस्फेटही बहुधा खरेच असावेत. चूक आहे ती ‘बेसची वायर गेटला’ या तीन शब्दांत.

दुकानदाराला दोष देत नाही. पायांचा क्रमच असा आहे की माणूस फसतो. टीओ-२२० च्या पॅकमध्ये (पाठीला पत्रा असलेला तीन पायांचा) बायपोलर, म्हणजे २एन३०५५ च्या जातीच्या, ट्रान्झिस्टरचे पाय सहसा बेस-कलेक्टर-एमिटर, आणि मॉस्फेटचे गेट-ड्रेन-सोर्स. बरोबर त्याच जागी तेच काम. वाटतं, नुसता काढायचा आणि घालायचा. पण बेसला करंट लागतो आणि गेटला व्होल्टेज लागतं. तुमच्या वडिलांनी बेसच्या मागचं सगळं करंट पुरवायच्या हिशोबाने बांधलंय.

कागदावरून तेवढा भाग मी इथे टेबलावर बांधून पाहिला. बीसी५४७ या दोन छोट्या ट्रान्झिस्टरचा मल्टिव्हायब्रेटर (दोन्ही बाजूंना आलटून-पालटून ठोके देणारा भाग), त्याच्यापुढे एका बाजूला एक एसएल१०० ट्रान्झिस्टर. (आमच्या पिढीचा लाडका. पत्र्याची टोपी, बाजूला छोटी जीभ, जिभेजवळचा पाय एमिटर.) एसएल१०० च्या एमिटरमधून करंट सरळ २एन३०५५ च्या बेसमध्ये जातो, आणि बेसपासून जमिनीला २२ ओहमचा रेझिस्टर आहे. त्या २२ ओहमकडे नीट बघा. २एन३०५५ असताना बेसवर कधीच सव्वा-दीड व्होल्टपेक्षा जास्त येत नाही, कारण बेस-एमिटरचा डायोड ते तिथेच धरून ठेवतो. म्हणजे २२ ओहममधून साठेक मिलिअँपिअर जातात आणि बाकीचा सगळा करंट बेसला. तो रेझिस्टर ठेवलाय तो ट्रान्झिस्टर पटकन बंद व्हावा आणि गळतीचा करंट निघून जावा म्हणून. योग्य जागी, योग्य किंमत.

आता तिथे मॉस्फेट आला. गेटमध्ये करंट जातच नाही, त्यामुळे एसएल१०० ला सगळा भार त्या २२ ओहमचाच. बिचारा १५० मिलिअँपिअर देऊन थकतो आणि गेटवर जेमतेम साडेतीन व्होल्ट चढतात. माझ्या ऑसिलोस्कोपवर माथा ३.४ होता. त्यात एमिटरला लावलेले ०.१ ओहमचे रेझिस्टर तुम्ही सोर्सला तसेच ठेवलेत; त्यांच्यावर ४ अँपिअरला ०.४ व्होल्ट पडतात, तेही गेटच्या वाट्यातूनच वजा. उरले तीन. आणि झेड४४ (तुमचा आयआरएफझेड४४एन) उघडायला लागतो तोच २ ते ४ व्होल्टच्या मध्ये कुठेतरी. पूर्ण उघडायला दहा हवेत. म्हणजे दार किलकिलं ठेवून त्यातून बैलगाडी काढायचा प्रकार. दिवा मिणमिणता लागला तो यामुळे, आणि राहिलेली सगळी वॅट मॉस्फेटच्या अंगावर गेली.

इलाज दोन रुपयांचा आहे. २२ ओहम काढा, तिथे ४७० ओहम लावा. मी तेवढंच केलं आणि गेटवर दहाच्या वर व्होल्टेज आलं. सोर्सचे ०.१ ओहमवाले काढून तिथे जाड तार लावा. ते २एन३०५५ ला लागत होते, कारण बायपोलर जास्त तापला की जास्त करंट ओढतो आणि जोडीदाराला उपाशी ठेवतो. पूर्ण उघडलेल्या मॉस्फेटचं उलटं असतं, तापला की रोध वाढतो आणि करंट आपोआप दुसऱ्याकडे सरकतो. प्रत्येक गेटला मात्र स्वतंत्र ४७ ओहम द्या, दोघांना एकच नको, नाहीतर ते आपापसांत शिट्ट्या मारायला लागतात. आणि गेट-सोर्सच्या मध्ये १५ व्होल्टचा झेनर, म्हणजे १५ च्या वर चढू न देणारा डायोड. बेसला स्वतःचा डायोड होता, तो स्वतःला सांभाळायचा. गेटवर २० व्होल्टच्या वर गेलं की आतला काचेसारखा पातळ थर फुटतो, आणि तो फुटला की माल गेला.

आता झेड४४ च ठेवायचा का? मी ठेवणार नाही. १२-०-१२ च्या या जोडणीत एक बाजू चालू असताना बंद बाजूवर बॅटरीच्या दुप्पट व्होल्टेज येतं. चार्जिंगवरच्या १४ व्होल्टच्या बॅटरीला २८, आणि त्याच्यावर ट्रान्सफॉर्मरच्या गळतीची टोकं, म्हणजे क्षणभराच्या उसळ्या. हाताने गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला ही टोकं उंच असतात. माझ्याकडच्या तशाच एका जुन्या ट्रान्सफॉर्मरवर ती पन्नासच्या पार गेली. झेड४४एन ची हद्द ५५ व्होल्ट. २एन३०५५ ची तरी कुठे जास्त होती म्हणा, ६० च. पण तो सावकाश बंद व्हायचा, म्हणून टोकं बोथट असायची. मॉस्फेट खटकन तोडतो. तेव्हा आयआरएफ५४०एन घ्या, १०० व्होल्टचा. रोध जास्त आहे, १७.५ मिलिओहमऐवजी ४४, पण बाजूला दोन असल्यावर ४ अँपिअरला प्रत्येकी पाऊण वॅटच जळतो. शिवाय दोन्ही ड्रेनच्या मध्ये १० ओहम ५ वॅट आणि ०.१ मायक्रोफॅरड २५० व्होल्ट एका माळेत लावा.

एवढा खटाटोप करून मिळतं काय, तेही सांगतो. शंभर वॅटच्या भाराला बॅटरीतून आठ-नऊ अँपिअर जातात. दोन २एन३०५५ मध्ये वाटून ४-४ अँपिअर म्हटले, तर प्रत्येकावर एक व्होल्टच्या आसपास पडतं, म्हणजे आठ वॅटची नुसती उष्णता. त्यांना नीट पूर्ण उघडायचं तर पुस्तकाप्रमाणे प्रत्येकी ०.४ अँपिअर बेसला द्यावा लागतो, ती आणखी नऊ-दहा वॅट. एकूण अठरा. त्याच जागी ५४०एन च्या जोडीला दीड वॅट, गरम झाल्यावर दोन-सव्वादोन. भारनियमनाच्या काळात माझ्या दुकानात याच फरकावर बॅटरी पाऊण-एक तास जास्त ओढायची. तेव्हा मी गावभर ट्रान्झिस्टरचे इन्व्हर्टर मॉस्फेटवर आणले आणि त्यातले पहिले तीन जाळलेही.

त्यातला एक स्वतःचाच. दुकानातलाच इन्व्हर्टर होता, गेटच्या वायरचा डाग (सोल्डर) कच्चा राहिला होता. बेसची वायर सुटली तर ट्रान्झिस्टर गुमान बंद पडतो. गेटची वायर सुटली तर मॉस्फेट शेवटचा हुकूम धरून बसतो, किंवा हवेतूनच काहीतरी ऐकतो. तो उघडाच राहिला, ट्रान्सफॉर्मरची अर्धी गुंडाळी सरळ बॅटरीवर आली, आणि मी चहाला गेलो होतो. परत आलो तेव्हा बॅटरीच्या तांबड्या वायरचं प्लास्टिक टेबलावर ओघळलेलं. मुलाने प्रसंगावधान राखून क्लिप उपटली होती, पायातल्या चपलेने. म्हणून ते ४७० ओहम मॉस्फेटच्या पायाशीच डागा, वायरच्या पलीकडच्या टोकाला नको.

आणखी दोन गोष्टी तुमच्या पत्रात नाहीत, पण होणार आहेत. एक, उलटी बॅटरी. २एन३०५५ च्या सर्किटला क्लिपा उलट्या लागल्या तर सहसा काही होत नसे. मॉस्फेटच्या पोटात ड्रेन-सोर्सचा डायोड असतोच. बॅटरी उलटी लागली की दोन्ही बाजूंचे डायोड एकदम वाहतात, दोन्ही अर्ध्या गुंडाळ्यांचं चुंबकत्व एकमेकांना खातं, आणि उरतो फक्त तारेचा रोध. बॅटरीजवळ २० अँपिअरचा फ्यूज नसेल तर काय होईल ते वरच्या चपलेला विचारा. दोन, हीटसिंक. २एन३०५५ ची टोपी (टीओ-३) म्हणजे कलेक्टर, तशी इथे पाठ म्हणजे ड्रेन. अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूसाठी प्लास्टिकची बुश, दोन्ही लागतात. जुनं मोठं अभ्रक कापून वापरायचं तर त्याचं जुनं भोक नव्या पाठीखाली येऊ देऊ नका.

पहिल्यांदा चालू करताना बॅटरीच्या वायरीत मोटरसायकलच्या हेडलाइटचा बल्ब माळेत घाला. बल्ब भकभकून पेटला तर काहीतरी शॉर्ट आहे, मॉस्फेट मात्र वाचतात. आणि बाहेर २३० व्होल्ट आहेत हे विसरू नका. घरी बनवलेले म्हणून ते कमी झटका देत नाहीत.

प्रश्न: ०-३० व्होल्टचा पॉवर सप्लाय बनवला आहे, एलएम७२३ (व्होल्टेज धरून ठेवणारी आयसी) आणि पुढे २एन३०५५. कॉलेजातल्या एका मित्राच्या सांगण्यावरून २एन३०५५ काढून झेड४४एन लावला. ड्रायव्हिंगचे फेरफार नीट केले होते, गेटला पुरेसं व्होल्टेजही देत होतो. ५ व्होल्ट २ अँपिअरवर अर्धा तास चालला आणि मग शॉर्ट झाला. आउटपुटला सगळे ३६ व्होल्ट गेले, जोडलेलं बोर्ड जळलं. ९४ वॅटचा मॉस्फेट ६२ वॅटवर का जावा? हीटसिंक मोठा आहे, पंखाही आहे. (कराड)

उत्तर: आकडेमोड बरोबर केलीत, ३६ वजा ५ गुणिले २. प्रश्नही चांगला विचारलात. पण इन्व्हर्टरमधला ट्रान्झिस्टर म्हणजे दिव्याचं बटण, आणि तुमच्या सप्लायमधला म्हणजे अर्धवट उघडा नळ. बार्शीचा मॉस्फेट चुकून नळ झाला आणि मेला. तुम्ही त्याला मुद्दाम नळ बनवलंत.

आधी ते ९४ वॅट. तो आकडा पाठ २५ अंशांवर धरून ठेवली तर. आमच्या मिरजेत मे महिन्यात नुसता हीटसिंक चाळिशीत असतो, ६२ वॅट ओतल्यावर तर सोडाच. पण खरं कारण ते नाही. वर मी बार्शीच्या वाचकांना म्हटलं की मॉस्फेट तापला की रोध वाढतो आणि करंट आपोआप वाटला जातो. ते पूर्ण उघडलेल्या मॉस्फेटबद्दल खरं आहे. अर्धवट उघडलेला असताना दुसरी गोष्ट चालते: तापला की तो कमी गेट व्होल्टेजला उघडायला लागतो. आतली चकती म्हणजे हजारो बारीक मॉस्फेट शेजारी-शेजारी. त्यातला एखादा कोपरा जरा जास्त तापला, तर त्याच गेट व्होल्टेजला तो जास्त करंट ओढतो, म्हणून आणखी तापतो, म्हणून आणखी ओढतो. बाहेरून हीटसिंकला हात लावावा तर कोमट, आणि आत टाचणीच्या डोक्याएवढी जागा वितळलेली. बायपोलरमध्ये याला आम्ही सेकंड ब्रेकडाउन म्हणून शिकलो, आणि तेव्हा आम्हाला सांगितलं जायचं की मॉस्फेटला हा रोग नाही! पहिल्या पिढीच्या मॉस्फेटना कमी होता. रोध कमी करण्याच्या नादात नव्या मॉस्फेटमध्ये पेशी दाटीवाटीने बसवल्या, आणि रोग परत आला. ४९ अँपिअर ही बटणाची बढाई आहे.

डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) ‘सेफ ऑपरेटिंग एरिया’चा आलेख काढा. त्यावर १० मिलिसेकंद, १ मिलिसेकंद अशा रेघा दिसतील. ‘डीसी’ लिहिलेली रेघ शोधा. पुष्कळ बटणवाल्या मॉस्फेटच्या आलेखावर ती नसतेच, म्हणजे कंपनी सांगतेय की नळ म्हणून मला वापरू नका. उलट आपला म्हातारा २एन३०५५: त्याच्या डेटाशीटवर स्पष्ट छापलंय, ४० व्होल्टला २.८७ अँपिअर, एक सेकंद. गुणाकार करा, ११५ वॅट, त्याची पुरी लायकी. तो जन्मालाच नळ म्हणून आला.

म्हणून तुमच्या सप्लायला २एन३०५५ च परत लावा, एक नको दोन, प्रत्येकाच्या एमिटरला ०.१ ओहम ५ वॅट. आणि ट्रान्सफॉर्मरला टॅप असेल तर १५ व्होल्टच्या खाली वापरताना खालचा टॅप निवडायला एक रिले घाला, म्हणजे ५ व्होल्टसाठी ३१ व्होल्ट जाळावे लागणार नाहीत. आउटपुटला एससीआरचा क्रोबार (व्होल्टेज चढलं की आउटपुटच शॉर्ट करून टाकणारा) असता तर बोर्ड वाचलं असतं. तो मीही बोर्ड जाळल्यावरच शिकलो.

प्रश्न: मंडळाच्या अँप्लिफायरमध्ये २एन३०५५ आणि एमजे२९५५ ची जोडी आहे. आयआरएफ५४० आणि आयआरएफ९५४० लावले तर आवाज वाढेल का? (इचलकरंजी)

उत्तर: नाही, आणि लावू नका. आवाज सप्लायच्या व्होल्टेजने ठरतो, ट्रान्झिस्टरच्या अँपिअरने नाही. उलट गेटला चार-चार व्होल्ट जास्त लागत असल्यामुळे त्याच सप्लायवर आवाज कमीच होईल. शिवाय हीटसिंकला चिकटवलेला तो छोटा ट्रान्झिस्टर बायस (आवाज नसतानाचा ठरावीक बारीक करंट) धरून ठेवतो, त्याचा हिशोब दोन बेस-एमिटरच्या सव्वा व्होल्टचा आहे. मॉस्फेटच्या जोडीला तिथे सात-आठ व्होल्ट लागतील, आणि तापल्यावर किती कमी करायचे ते गणितही निराळं. विसर्जनाच्या रात्री भर रस्त्यात उभं राहून हे शिकण्यासारखं नाही. आवाजासाठीचे म्हणून मॉस्फेट निघाले होते, हिताचीचे २एसके१३४ आणि २एसजे४९, त्यांची आतली बांधणी वेगळी. ते शंभरेक मिलिअँपिअरच्या पुढे तापले की स्वतःच करंट आवरतात, फार गोड वस्तू. पण त्यांच्यासाठी सर्किटच तसं असावं लागतं, आणि आज त्या नावाने जे मिळतं त्यावर विश्वास ठेवायची माझी तयारी नाही.

प्रश्न: कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) पाणी सोडायला पाच व्होल्टच्या छोट्या कंट्रोलर बोर्डवरून १२ व्होल्टचा ३ अँपिअरचा पंप चालवते. मध्ये टीआयपी१२२ आहे, तो फार तापतो, पत्रा लावला तरी. दुकानात आयआरएफझेड४४एन दिला. चालेल? (फोंडा)

उत्तर: ताई, मॉस्फेट लावायला याहून चांगली जागा नाही, फक्त एक अक्षर बदलून आणा: आयआरएलझेड४४एन. ‘एफ’च्या जागी ‘एल’. साध्या झेड४४ ला दहा व्होल्ट हवेत, तुमचं बोर्ड पाचच देतं. ‘एल’वाला पाच व्होल्टवर पूर्ण उघडतो. टीआयपी१२२ हा डार्लिंग्टन, एकाच्या पाठीवर एक. ३ अँपिअरला त्याच्यावर दोन व्होल्टपर्यंत पडतात, म्हणजे सहा वॅट. तो तापणारच. ‘एल’वाल्यावर पाव वॅटसुद्धा जळत नाही, पत्रा काढून टाका.

बोर्ड आणि गेटच्या मध्ये १०० ओहम, गेटपासून जमिनीला १० हजार ओहम. हा दुसरा विसरलात तर वीज गेली-आली की बोर्ड जागं होईपर्यंत पंप आपल्या मनाने सुरू होईल. पंपाच्या दोन टोकांवर उलटा डायोड हवाच. टीआयपी१२२ च्या पोटात डायोड आहे, मॉस्फेटच्याही आहे, पण तो पंपाचा झटका जिरवत नाही. पुढे ३.३ व्होल्टचं बोर्ड आणलंत तर मला पुन्हा लिहा, तेव्हा ‘एल’ही पुरणार नाही.

जाता जाता, ‘खरा कसा ओळखायचा’ हे बार्शी, कराड दोघांनीही विचारलंय. पुण्याच्या तपकीर गल्लीत काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, खरा आणि खोटा एकाच डब्यात असतो, आणि वरची छपाई खोट्याचीच जास्त ठळक. मी दुकानात असं करतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या, वजा सोर्सला, अधिक गेटला क्षणभर टेकवा आणि काढा. मीटर बझरवर ठेवून ड्रेन-सोर्स बघा: वाजत राहायला हवं, बॅटरी काढल्यावरही. आता ओल्या बोटाने गेट आणि सोर्स एकदम शिवा. गप्प. म्हणजे मॉस्फेट जिवंत आहे.

जिवंत कळला, खरा अजून नाही. त्यासाठी १२ व्होल्टच्या बॅटरीवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि मॉस्फेट माळेत लावा, गेटवर ती ९ व्होल्टची बॅटरी ठेवा. बल्ब पूर्ण पेटेल, पावणेदोन अँपिअर जातील. मीटरच्या सुया अगदी मॉस्फेटच्या पायांवर, डागाजवळ, ड्रेन आणि सोर्सला. खरा झेड४४एन तीसेक मिलिव्होल्ट दाखवतो, ५४०एन पंचाहत्तरच्या आत. गेल्या महिन्यात आणलेल्या दहा झेड४४ मध्ये सहा एकशे ऐंशीवर होते. सहाही घेऊन गेलो, दुकानदारासमोर त्याच्याच बॅटरीवर एक लावून दाखवला. त्याने मीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काउंटरखालून दुसरा डबा काढला.